थॉर्नबरीचं बोलावणं

१

गाडी जॅकवर चढवली, चाकाचे नट सैल केले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले, की नेमका तेव्हाच जॅरेडच्या खिशातला फोन थरथरायचा. जवळजवळ रोज, बाराच्या ठोक्याला.

"हाय टॅबिथा! थॉर्नबरी कॉलेज तुझी वाट बघतंय! आमच्याकडे एप्रिलमध्येही गारठा असतो, स्वेटर विसरू नकोस!"

प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. तीन आठवड्यांतला हा सतरावा मेसेज.

"फेकून दे तो फोन ओढ्यात," दुकानाचा मालक व्हर्जिल गाडीखालून ओरडला.

"फेकला तर सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला शिव्या कशावर देणार?"

व्हर्जिल हसला नाही. जॅरेडही हसला नाही. त्याने चिंधीला हात पुसले आणि पुन्हा पाना उचलला.

टॅबिथा त्याची बहीण. त्याच्याहून एका वर्षाने लहान, अक्कल मात्र दहा वर्षांनी जास्त. जॅरेडने दहावीतच शाळा सोडून टायरचं दुकान धरलं होतं. टॅबिथा शिकत राहिली आणि जानेवारीत तिला थॉर्नबरीत प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. केंटकीच्या त्या डोंगरातून इतक्या लांबच्या कॉलेजात आजवर कुणी गेलं नव्हतं. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला शाळेतून परत येताना मैत्रिणीची गाडी वळणावर बर्फावरून घसरली. मैत्रिणीचा हात मोडला. टॅबिथा गेली.

तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. अर्जावर तिने जॅरेडचा नंबर दिला होता. "निरोप आला की मला सांगायचं, बब. स्वतः वाचत बसायचं नाही," असं वर बजावलंही होतं. घरात ती त्याला बब म्हणायची. बाकी कुणी तसं म्हटलेलं त्याला चालायचं नाही.

तिला पुरून तीन आठवडे झाले होते तेव्हा पहिला मेसेज आला. प्रवेश मिळालेल्या मुलांना कॉलेज आपल्या खर्चाने दोन दिवस बोलावतं. जागा बघा, आवडली तर कायमचं हो म्हणा. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, सोबत घरचं एक माणूस, सगळं त्यांच्याकडून. "येणार असशील तर १ पाठव, नसशील तर २."

जॅरेड तेव्हा जुन्या टायरांच्या ढिगामागे बसून सँडविच खात होता. अंगठा दोनवर गेला आणि तिथेच थांबला. दोन दाबायचं म्हणजे ती गेली हे स्वतःच्या हाताने सांगायचं. पाद्र्याने सांगितलं होतं, वर्तमानपत्रात छापून आलं होतं, दगडावर कोरलं होतं. त्याने स्वतः अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याने एक दाबला. का दाबला ते त्यालाही सांगता आलं नसतं. ही गोष्ट त्याने कुणाजवळ काढली नाही.

तेव्हापासून त्या फोनने त्याचा पिच्छा पुरवला होता.

२

सतराव्या मेसेजनंतर त्याने कॉलेजला फोन लावला.

"थॉर्नबरी प्रवेश विभाग, मी ब्रिजेट. आज तुम्हाला काय मदत करू?"

"टॅबिथा स्टिडमचं नाव काढा."

"अय्या, टॅबिथा! तिचा निबंध वाचून आम्ही सगळे अगदी..."

"ती येणार नाही."

"तिकिटाची अडचण आहे का? वेळ बदलून देता येईल."

"अडचण नाही हो. ती वारली."

मग त्या बाईचा आवाज खरोखर खाली आला. "फार वाईट वाटलं ऐकून. मी आत्ता लगेच नाव काढते. तुम्हाला पुन्हा त्रास होणार नाही."

जॅरेडने आभार मानले. फोन ठेवला आणि व्हर्जिलला न सांगता दहा मिनिटं दुकानामागे जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी, बारा वाजता:

"धन्यवाद टॅबिथा! तुझा जेवणाचा फॉर्म मिळाला! मशरूम वाढायचे नाहीत, नोंद घेतली!"

त्याचं डोकंच फिरलं. ग्रीसच्या हातांनीच त्याने नंबर लावला.

"बाई, काल मी काय सांगितलं तुम्हाला?"

"काल? काल आपलं बोलणं झालं होतं का? माझ्याकडे नोंद दिसत नाही."

"मी सांगितलं, ती वारली म्हणून. तुम्हाला वाईट वाटलं. तुम्ही म्हणालात, नाव काढते."

कळफलकाची टकटक ऐकू आली. "मिस्टर स्टिडम, काहीतरी घोटाळा होतोय. तिचा फॉर्म आज सकाळी नऊला आलाय. आम्ही हसलोसुद्धा वाचून. मशरूम दाताखाली ओल्या बुटासारखे वाजतात, असं लिहिलंय तिने. अरेरे, हे मी सांगायला नको होतं."

जॅरेडच्या हातातला पाना खाली पडला. ओले बूट. पाच वर्षांची असल्यापासून टॅबिथा हेच म्हणायची, याच शब्दांत, ताट पुढे ढकलून.

"आणखी काय लिहिलंय?"

"विद्यार्थ्याची माहिती मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. नियम आहे."

"मी भाऊ आहे तिचा."

"त्यासाठी तिची लेखी परवानगी लागेल. आणि नाव काढायचं असेल तर तिनेच सांगायला हवं."

"ती कुठून सांगणार? थडग्यावर कागद-पेन ठेवून येऊ?"

"तुम्ही चिडलेले आहात, हे मला कळतंय."

"तुम्हाला काय डोंबल कळतंय!" असं म्हणून त्याने फोन आपटला. मग तडा गेलाय का ते बघायला पुन्हा उचलला.

दिवसभर तो हिशेब लावत राहिला. फॉर्म तिने आधीच भरून ठेवला असेल. पण फॉर्म आलाच मार्चमध्ये. आईने भरला असेल. पण आईला टीव्हीचा आवाज कमी करायचा असला तरी त्याला हाक मारावी लागते. संध्याकाळपर्यंत त्याने ठरवून टाकलं की ही यंत्राची चूक आहे. मशरूम कसे वाजतात हे यंत्राला कुठून कळलं, तेवढा विचार मात्र त्याने बाजूला ठेवला.

३

मातीनंतर आई स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती, ती जवळजवळ उठलीच नव्हती. शेजारणी डबे आणून देत. ती तेच डबे तसेच परत करी.

त्या शुक्रवारी जॅरेड घरी आला तर अंगणातच शिजलेल्या बीन्सचा वास आला. मक्याची पोळी ओव्हनमध्ये होती. आई इस्त्री करत होती.

टेबलावर थॉर्नबरीचं जाड पाकीट फोडलेलं पडलं होतं. दोन तिकिटं, वेळापत्रक, आणि बॅगेला बांधायची निळी पट्टी. तिच्यावर छापील अक्षरांत टॅबिथाचं नाव होतं.

"निळा स्वेटर धुऊन ठेवलाय," आई म्हणाली. "तिकडे गारठा असतो म्हणे."

"मॉम."

"माहितीये रे मला. मी काय वेडी झालेय का?" तिने बाह्या आत घालून स्वेटरची घडी केली. "पण बोलावलंय तिला. नाव छापून पाठवलंय. बोलावलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

टेबलावर तीन ताटल्या होत्या.

जेवताना आई बोलत होती. बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. थॉर्नबरीच्या भेटीच्या तारखेभोवती, अठरा एप्रिलभोवती, तिने पेन्सिलने गोल केला होता. अठरा तारीख येईल आणि जाईल. मग आई पुन्हा त्या खुर्चीत बसेल आणि या वेळी काही केल्या उठायची नाही. त्याआधी तिच्या हातात काहीतरी ठेवायला हवं होतं. कॉलेजचा कागद, सहीशिक्क्याचा. नाव काढलं, विषय संपला. फोनवर ते होणार नव्हतं.

"मी जातो तिथे," तो म्हणाला.

आईचा चेहरा असा उजळला, की आपण भलतंच बोललो हे त्याला कळून चुकलं. "जा. तिच्याबरोबर जा. कधी विमानात बसली नाही ती."

"मी तरी कुठे बसलोय?"

"मग दोघं मिळून बसा."

निघायच्या दिवशी आईने निळ्या स्वेटरसकट भरलेली टॅबिथाची बॅग त्याने निमूटपणे पिकअपमध्ये टाकली. विमानतळाच्या वाहनतळावर ती सीटखाली सरकवली, वर ताडपत्री टाकली आणि गाडीला कुलूप लावलं. मेलेल्या माणसाचे कपडे घेऊन तो देशभर हिंडणार नव्हता. शर्टाच्या खिशात त्याने एकच गोष्ट ठेवली होती. मृत्यूचा दाखला.

४

विमानात त्याच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी होती. असणारच. तिकीट तिच्या नावाचं होतं.

उतरल्यावर कॉलेजची गाडी न्यायला आली होती. चालक तिथलाच एक विद्यार्थी, हातात यादी.

"स्टिडम? दोघं ना?"

"मी एकटाच."

"हो हो, बरोबर. तुझी बहीण आधीच्या गाडीने गेली." त्याने यादीवर खूण केली. "दार जोरात ओढ, अडकतं ते."

"माझी बहीण कुठल्याही गाडीने गेलेली नाही."

"दादा, मी यादी वाचतोय फक्त," असं म्हणून त्याने रेडिओ लावला.

दोन तासांनी थॉर्नबरी आलं. दगडी इमारती, आखून कापलेलं गवत आणि जिकडेतिकडे हसणारी माणसं. एवढं कोण कशाला हसतं, याचंच जॅरेडला नवल वाटलं. दारात टेबल मांडून नावाचे बिल्ले ठेवले होते. त्याला एक बिल्ला मिळाला: "पाहुणा – टॅबिथा स्टिडम यांचा". टेबलावर त्याच्या शेजारची, टॅबिथाच्या बिल्ल्याची जागा मोकळी होती.

टेबलामागची गोलमटोल, चष्मेवाली बाई ब्रिजेट होती. आवाजावरून त्याने तिला लगेच ओळखलं. खिशातला दाखला काढला, उलगडला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने वाचला. पुन्हा वाचला. तिच्या गळ्यापासून वर लाली चढत गेली आणि डोळे भरले. ते खोटं नव्हतं. खोटं रडणारी माणसं मातीच्या वेळी जॅरेडने पोटभर पाहिली होती.

"पण," ती हळूच म्हणाली, "अर्ध्या तासापूर्वी तिने माझ्याकडून बिल्ला नेला. प्यायचं पाणी कुठे आहे, विचारलं. मी स्वतः दाखवलं."

जॅरेडने आजूबाजूच्या हसऱ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. मग सगळा उलगडा झाला आणि त्याला इतका राग आला की बरं वाटलं. कुणीतरी भामटी! वर्तमानपत्रात नाव वाचलं असेल, गावातलीच असेल कुणी, आणि आली मेलेल्या पोरीचं तिकीट घेऊन फुकटची सहल करायला. मशरूमचं तरी काय, शाळेच्या जेवणघरात टॅबिथा ते सगळ्यांना ऐकवायची.

"कुठे उतरवलंय तिला?"

"सांगता येत नाही, नियम..." ब्रिजेटने दाखल्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. "लिंडेन हॉल. तिसरा मजला. इंग्रिड नावाच्या मुलीची खोली."

"आणि नाव कधी काढताय?"

"उद्या दोन वाजता वहीवर सह्या आहेत. तिने सही न करता पेन खाली ठेवलं, की मी लगेच कागद देते. त्याआधी मला काहीच करता येत नाही, मिस्टर स्टिडम. मी करून पाहिलंय. दर वेळी नाव काढते आणि सकाळी ते परत असतं." ती आता त्याच्याकडे बघत नव्हती. "मला वाटलं, मीच विसरत असेन."

५

तिसऱ्या मजल्यावर खोलीचं दार उघडंच होतं. इंग्रिड नावाची उंच, अनवाणी मुलगी पलंगावर बसून सफरचंद खात होती.

"तू बब!" ती म्हणाली.

जॅरेड उंबऱ्यातच थांबला. "काय म्हणालीस?"

"तिने सांगितलं ना. कपाळाला आठ्या घालून एक माणूस येईल, तो बब. बस की. ती तोंड धुतेय."

खोलीत दोन पलंग होते. जमिनीवर स्लीपिंग बॅग अंथरली होती. कोपऱ्यात बंद दार, आणि दारामागे नळाचं पाणी. पाणी चालू व्हायचं, थांबायचं, पुन्हा चालू व्हायचं. टॅबिथा दात घासताना असंच करायची, पाणी वाया जाऊ नये म्हणून. अर्थात खूप माणसं तसं करतात. तो स्वतःही करायचा.

"ती माझी बहीण नाही," जॅरेड म्हणाला. "ही कुणीतरी चोर आहे. कशी दिसते?"

इंग्रिड हसायला लागली. मग थांबली. "बारीक. केस काळ्या रबराने बांधलेले. मी म्हटलं, हे काय ग, चांगलं काही नाही का? तर म्हणाली, भाऊ ट्यूब कापून करून देतो. दुकानातल्यापेक्षा जास्त टिकतं."

जॅरेड खाली बसला. बसला तो स्लीपिंग बॅगवर. ती उबदार होती.

उशाशी निळा स्वेटर होता, बाह्या आत घालून घडी केलेला. त्याने हात लावला नाही. वाहनतळ, ताडपत्री, कुलूप. पिकअपची किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने ती मुठीत इतकी घट्ट धरली की तळव्यावर वळ उठला.

"भांडलात का रे तुम्ही?" इंग्रिडने विचारलं. "फार दमलेली दिसते ती. रात्रभर चालून आल्यासारखी. मी म्हटलं, आवडलं नाही का आमचं कॉलेज? म्हणाली, कॉलेज छान आहे, पण मला यायचंच नव्हतं. बबने हो म्हटलं, म्हणून यावं लागलं."

पाणी थांबलं.

टायरांचा ढीग, सँडविच, फोनवर दाबलेला १. हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. शाळेच्या जेवणघरात नाही, गावात नाही, आईलाही नाही.

तो उठला. दारापर्यंत चार पावलं होती. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता आणि त्या उजेडात दोन ठिकाणी अंधार होता. कुणीतरी पलीकडे, अगदी दाराला लागून उभं होतं.

"टॅबी?"

फक्त श्वास. पण तो त्याचा स्वतःचा असू शकत होता. त्याने दाराची मूठ फिरवली नाही. आतून कुणी उघडेल म्हणून तो नुसता उभा राहिला. मग दाराखालचा अंधार सरकला, कुठेतरी दुसरं दार वाजलं, आणि तेव्हा कुठे त्याने हे दार ढकललं.

न्हाणीघर रिकामं होतं. समोरचं दार शेजारच्या खोलीत उघडत होतं. ते अजून हलत होतं.

"दोन खोल्यांत एकच आहे," मागून इंग्रिड म्हणाली. "सगळेच गोंधळतात."

६

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तो जुन्या वाचनालयात सगळ्यांच्या आधी हजर होता. ब्रिजेटने त्याला भिंतीकडेच्या पाहुण्यांच्या बाकांवर बसवलं आणि थॉर्नबरीची रीत समजावली. जुनी होती, त्यांना तिचा मोठा अभिमान होता. मुलांनी एकेक करून मोठ्या वहीपाशी जायचं आणि पेन उचलायचं. ठरलं असेल तर सही करायची. नसेल, तर पेन ठेवून पुढे व्हायचं. पाहिजे तेवढा वेळ घ्यावा. पण वहीपाशी उभ्या असलेल्या मुलाशी कुणी बोलायचं नाही. आईबापांनीही नाही. ज्याचं त्याने ठरवायचं.

"आणि ती नुसती उभीच राहिली तर?" जॅरेडने विचारलं.

"आजवर कुणी तसं राहिलं नाही," ब्रिजेट म्हणाली.

रात्रभर त्याने डोक्यात एकच गोष्ट घोटली होती. ती पेन ठेवेल. तिला यायचंच नव्हतं. ती ठेवेल, ब्रिजेट कागद देईल, तो कागद आईला नेऊन देईल. आपण गप्प बसायचं. आयुष्यात एकदा तरी तोंडाला कुलूप घालायचं.

रांग सरकू लागली. चाळीसेक पोरं असतील. कुणी घाईघाईत सही केली, कुणी पेन ठेवून लाजत पुढे गेलं. रांगेच्या मध्ये एक फट होती. पुढचा मुलगा आणि मागची मुलगी यांच्यात एका माणसाची जागा. रांग सरकली की फटही सरकायची. मागची मुलगी मध्येच पुढे वाकून त्या फटीशी काहीतरी कुजबुजली आणि हसली.

जॅरेडने डोळे चोळले. झोप झाली नव्हती. फट ती फट.

"टॅबिथा स्टिडम," ब्रिजेट म्हणाली. तिचा आवाज फाटला.

खिडकीतून ऊन थेट वहीवर पडत होतं. त्या उजेडात धड काही दिसत नव्हतं. नुसतं बघितलं तर वही, टेबल आणि धूळ. पण नजर किंचित बाजूला घेतली की दिसायचं. काळ्या रबरात बांधलेले केस. मान. ती मान एका बाजूला जराशी कललेली. जॅरेड लहानपणी बुटाची नाडी बांधत बसला, की शाळेच्या बसपाशी ती अशीच मान कलती करून थांबायची. घाई करायची नाही. नुसती थांबायची.

पेन वहीच्या वर होतं. टेकत नव्हतं आणि खालीही ठेवलं जात नव्हतं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. कुणी खोकलं. ब्रिजेटने तोंडावर हात धरला होता. जॅरेडला कळलं की ती ठरवत नव्हती. ती वाट बघत होती. आधी त्याने ठरवलं होतं, आताही त्यानेच ठरवायचं होतं. त्याने नाही म्हटलं की ती सुटणार होती. दोन अक्षरांचा शब्द. तो उठून उभा राहिला आणि तो शब्द घशापर्यंत आला.

आणि मग ती मान वळायला लागली. अगदी हळू, त्याच्याकडे. गालाची कड दिसली. त्या गालावर अजून बर्फ होता, न वितळलेला.

"टॅबी," तो ओरडला, "घरी चल!"

वाचनालयातली सगळी डोकी त्याच्याकडे वळली. पेन खाली पडलं, गडगडत टेबलाच्या कडेला गेलं आणि थांबलं. ऊन होतं तसंच वहीवर पडलेलं होतं. मागची मुलगी एक पाऊल पुढे आली आणि रांगेतली फट बुजली.

ब्रिजेटने तिथल्या तिथे कागद लिहिला. अक्षर चांगलं होतं. टॅबिथा स्टिडम यांनी प्रवेश नाकारला आहे. सही, शिक्का.

"झालं," ती म्हणाली. "आता कायमचं निघालं."

"एवढ्यासाठी मला इथवर यावं लागलं," जॅरेड म्हणाला. त्याला चिडायचं होतं, पण राग येईना.

७

रविवारी दुपारी त्याने लेक्सिंग्टन विमानतळाच्या वाहनतळावरून पिकअप काढली. ताडपत्रीखाली बॅग होती. चेन उघडून बघायचं त्याने टाळलं.

घर अडीच तासांवर. पहिल्याच वळणावर त्याच्या लक्षात आलं की गाडी उजवीकडे, शेजारच्या रिकाम्या सीटच्या बाजूला, दबतेय. फार नाही. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण तीन वर्षं टायरांत काढल्यावर माणसाला ते बुडाखालून समजतं. उजव्या चाकात हवा कमी असणार.

पुढच्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली, हवेचं मीटर काढलं आणि गुडघ्यावर बसला. चारही चाकांत पस्तीस पौंड हवा. बरोबर. तरी उजवीकडचं पुढचं चाक खाली किंचित फुगलं होतं. किती वजनाला टायर किती फुगतो, हे त्याला नुसतं बघून सांगता यायचं. व्हर्जिल त्यावर पैजा लावायचा.

त्याने उठून गाडीच्या आत पाहिलं नाही. स्प्रिंगचा पाटा गेला असेल, असं स्वतःशी म्हणाला. जुनी गाडी, पाटे कधीतरी जायचेच. तो स्टिअरिंगमागे बसला आणि उरलेला रस्ता नजर समोर ठेवून चालवत राहिला. रेडिओ लावला नाही. खिशातल्या कागदावर मात्र मधूनमधून हात ठेवत होता. आईला काय सांगायचं ते त्याने पाठ केलं. नाव निघालं, मॉम. संपलं आता. जेवून घे, झोप. मी आहे.

मैत्रिणीची गाडी जिथे घसरली होती, त्या वळणावरच्या पुलावरून जाताना त्याने वेग अगदी कमी केला. शेजारून एक सुस्कारा ऐकू आला. खिडकी नीट बसत नव्हती, वारा शिरायचा.

आई ओसरीवर उभी होती. उन्हात. केस विंचरलेले, अंगात स्वच्छ कपडे. गाडी थांबायच्या आत ती पायऱ्या उतरायला लागली होती.

जॅरेडने काच खाली केली आणि कागद बाहेर काढला. "मॉम, हे बघ. लिहून घेतलंय मी. सही, शिक्का, सगळं. आता कुणी त्रास देणार नाही."

आई त्याच्यापाशी आली. त्याच्या गालाला हात लावला. कागदाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"किती दमलायत," ती म्हणाली, पण ती बघत होती त्याच्या खांद्यावरून पलीकडे.

"मॉम, थांब. ऐक ना. मॉम!"

एप्रनला हात पुसत ती गाडीच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. जॅरेड स्टिअरिंग घट्ट धरून समोरच्या काचेतून घराकडे बघत राहिला. उजवीकडचं दार उघडल्याचा आवाज झाला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गाडीची ती बाजू हळूच वर आली.